मागची डावी सीट

“गाडी आत लावणार की बाहेर?” नानिवडेकरांनी विचारलं आणि माझे कान टवकारले.

गाडी विकणारा माणूस गाडीचं कौतुक सांगतो. ती उद्या कुठं उभी राहणार ही चौकशी कोण करतं? एक तर लेक देणारा बाप, नाहीतर चोर. नानिवडेकर पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, बोलणं मोजकं. चोर काही पाटी लावून फिरत नाही, हे मला नोकरीनं शिकवलं होतं.

“बाहेर,” मी म्हटलं. “आमचं फाटक अरुंद आहे. दारात सोनचाफा आहे, त्याच्या सावलीत लावू.”

“चाफ्याखाली. वा!” त्यांचा चेहरा उजळला. “आणि संध्याकाळी काढणार का बाहेर? नाही, तुमच्या जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात ना? मग नंतर घरीच असाल.”

“जेवण झालं की बस्तीत जातो आम्ही, दर्शनाला,” शेजारून राजमती म्हणाली. “जवळच आहे, चालतच जातो.”

“म्हणजे गाडी दारातच.”

“दारातच की.”

मी तिला कोपरानं ढोसलं. आम्ही कधी जेवतो, कधी घराबाहेर पडतो, गाडी कुठं उभी राहते, सगळं त्या माणसाला आयतं ताटात वाढून दिलं आमच्या बाईसाहेबांनी.

माझी उभी नोकरी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गेली. ट्रक समोर थांबला की त्याच्या चाकांवरचे पाटे किती दबलेत ते बघून मी सांगायचो, आत कापूस नाही, लोखंड आहे. ड्रायव्हर फार हसला की ताडपत्री उघडायची, फार गप्प बसला तरी उघडायची. जकात बंद झाली, नाके पडले, मी निवृत्त झालो, पण नजर काही निवृत्त होईना. भाजीवाला काटा नीट धरतो का, डॉक्टर इतका गोड का बोलतो, सगळीकडं माझं नाक आधी पोचायचं. राजमती पाहुण्यांना सांगायची, “लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा ह्यांनी वाकून बघितलं, मुलगी बदलली तर नाही ना म्हणून.” ते खोटं आहे. अंतरपाट वाऱ्यानं हलला होता.

तर जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, पण स्वतःची कधी झाली नाही. निवृत्त झालो की गाडी घेऊ, हे मी राजमतीला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता न घेता तोंड दाखवायला जागा नव्हती. तिचे गुडघे बोलायला लागले होते. शेडबाळला तिचं माहेर, म्हाताऱ्या आईला भेटायला एसटीच्या पायऱ्या चढताना तिला रडू यायचं. पौर्णिमेला बाहुबलीला दर्शनाला जायची हौस होती. फंडातून एकदाच गाडी घेता येणार होती. ती फसली असती तर दुसरी कुठली? फसलेली गाडी दारात उभी आणि राजमती पुन्हा एसटीच्या रांगेत, हे चित्र मला झोपू देत नव्हतं.

आधी आम्ही शोरूम पालथी घातली. तिथला टाय लावलेला पोरगा मला “अंकल, अंकल” करत गाडीचं छत उघडून दाखवायला लागला. राजमती म्हणाली, “आभाळ बघायला आमच्याकडं गच्ची आहे.” एक गाडी इतकी खोल, की तिच्यातून राजमतीला बाहेर काढायला दोघं लागले. दुसरी इतकी मोठी, की आमच्या गल्लीत वळायची झाली तर समोरच्या कुलकर्ण्यांचा ओटा फोडावा लागला असता. म्हाताऱ्या माणसांना काय लागतं? सीट उंच, दार रुंद, गाडी आखूड. बाकी सगळी नवरदेवाची मिरवणूक.

नानिवडेकरांची गाडी अगदी अशीच होती. पांढरी, आखूड, काचा हातानं फिरवायच्या. राजमती तिच्यात बसली आणि एकटी उतरली. दोन गल्ल्या सोडूनच त्यांचं घर. गाडी जुनी, पण ठेवलेली लेकरासारखी. किंमत इतकी रास्त, की तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात कुणीतरी सांगितलं, की एका तरुण डॉक्टरनं ह्यापेक्षा जास्त देऊ केले होते आणि नानिवडेकरांनी त्याला नाही म्हटलं होतं.

जास्त पैसे नको म्हणणारा माणूस मी नाक्यावर एकही बघितला नव्हता.

“जरा बघू का आतून?” मी विचारलं.

“अवश्य.”

मी बघितलं. मीटरवरचा आकडा अगदी कमी. पण स्टिअरिंगचं चाक दोन्ही बाजूंनी झिजून गुळगुळीत झालेलं, जिथं हात धरतात तिथं. गाडी फिरलीच नाही तर चाक झिजलं कसं? मीटर मागं फिरवलाय. मग सीट बघितल्या. पुढची डावी सीट कोरी, जणू कुणी टेकलंच नव्हतं. मागची डावी मात्र दबलेली, पाठीला एक छोटी उशी, खिडकीच्या कडेला घडी घातलेला रुमाल. घरची गाडी असती तर बायको पुढं बसली असती. मागं डावीकडं कोण बसतं? भाडं देणारं गिऱ्हाईक. म्हणजे निवृत्त उपअभियंता लपूनछपून खासगी गाडी भाड्यानं चालवत होते.

“मागं कोण बसायचं हो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

नानिवडेकरांनी रुमालाची घडी सारखी केली. “घरचंच माणूस.”

“आणि दुसरी किल्ली?”

“दुसरी... ती सध्या सापडत नाहीये. शोधतो.” हे बोलताना त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला आणि परत आला.

माझी खात्रीच झाली. पाणी मुरत होतं. कुठं, तेवढं कळायचं होतं.

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला, मग एका बाईचा चढलेला आवाज. नानिवडेकर झटकन वळले. “असं करा आरवाडे, दोन दिवस गाडी घेऊन जा. दारात ठेवा. चालवून बघा, तुमच्या मेस्त्रीला दाखवा. मन भरलं तर पुढचं बोलू.” आणि एकच किल्ली माझ्या हातात ठेवून ते आत गेले.

“किती भला माणूस,” बाहेर पडताना राजमती म्हणाली.

“अनोळखी माणसाच्या हातात गाडी देतो आणि भला?”

“अनोळखी कशाला? दोन गल्ल्यांवर तर राहतोय आपण.”

“तेच तर. दोन गल्ल्या. दुसरी किल्ली त्याच्याकडं. आपण बस्तीत गेलो की दहा मिनिटांत गाडी गायब. पैसे आपले, गाडी त्याची.”

राजमतीनं कपाळावर हात मारला. “अहो, अजून पैसे तरी दिलेत का तुम्ही?”

“हे दोन दिवस सराव आहे त्याचा,” मी म्हटलं.

मेस्त्रीनं गाडी तपासली. म्हणाला, इंजिन फारसं चाललेलंच नाही, मीटर खरा आहे, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घ्या म्हटलं की माझे आणखी उघडतात. मीटर खरा असेल तर चाक कशानं झिजलं, ह्याचं उत्तर त्याच्याकडंही नव्हतं.

त्या संध्याकाळी बस्तीत जाण्याआधी मी नाक्यावरची जुनी युक्ती केली. संशयाचा ट्रक रात्रभर अडकवून ठेवला की आम्ही ताडपत्रीच्या गाठीवर शिवणाचा बारीक धागा चिकटवायचो. हात लागला की धागा तुटतो, लावणाऱ्याला दिसतो, तोडणाऱ्याला नाही. मी गाडीच्या चारी दारांवर खळीनं धागा लावला. परत येऊन बघतो तर पुढच्या उजव्या दाराचा धागा तुटलेला आणि मागच्या डाव्या दाराचाही. गाडी मात्र जागच्या जागी. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार.

“मांजर असेल,” राजमती म्हणाली.

“मांजर दोन दारं उघडतं? आणि तेही एक पुढचं, एक मागचं?”

ह्यावर तिनंही वाकून दार बघितलं. आता तिलाही काहीतरी खटकलं होतं, हे बघून मला बरं वाटलं. मागच्या सीटखाली काहीतरी लपवून ठेवलं असेल, म्हणून मी सीट उचकटून बघितली. खाली फक्त एक केसाचा आकडा आणि बडीशेपेचे चार दाणे.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी जाहीर केलं की माझं डोकं दुखतंय, तू एकटीच जा. राजमतीनं पदर सारखा केला, माझ्याकडं बघितलं आणि चप्पल काढून परत आत आली. “डोकं दुखतंय म्हणे. लबाडी करायची तर नीट तरी करावी. सरका तिकडं, मलाही बघू दे.”

आम्ही दोघं जाळीच्या दरवाज्याआड उभे राहिलो. ऊन उतरलं होतं. समोरच्या कुलकर्ण्यांकडं दिवा लागला. आणि गल्लीच्या तोंडाशी नानिवडेकर दिसले.

ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या, साठी ओलांडलेल्या, गोऱ्या, चापूनचोपून नेसलेलं पातळ, हातात पर्स. बाहेर निघालेल्या घरंदाज बाईसारख्या दिसत होत्या, पण नानिवडेकर त्यांना मनगटाला धरून जवळजवळ ओढत आणत होते. बाई मागं रेटत होत्या.

“सोडा हात! कोण तुम्ही? आमचे हे आले ना, तर बघा काय करतील ते.”

नानिवडेकर खाली मान घालून चालत होते.

भाड्याची गाडी, चोरी, सगळं बाजूला राहिलं. हा माणूस एका बाईला पळवून नेत होता, आणि तेही माझ्या दारातून! मी कडी काढायला गेलो. राजमतीनं माझा हात घट्ट धरला.

“थांबा जरा.”

“काय थांबा? डोळ्यांदेखत...”

“थांबा म्हणते ना.”

नानिवडेकरांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. मागचं डावं दार उघडलं, बाईंना आत बसवलं, पाठीची उशी सारखी केली. बाईंनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. मग ते गाडीला वळसा घालून पुढं आले, चाकामागं बसले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघू लागले. गाडी चालू केली नाही.

मी राजमतीचा हात झटकला आणि बाहेर पडलो. फाटकातून पळत गेलो आणि चालकाच्या काचेवर मुठीनं थापा मारल्या. “काय चाललंय हे? उघडा! सापडलात की नाही?”

नानिवडेकर दचकले. आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग मागं वळून बाईंकडं.

बाई किंचाळल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. “हा कोण? हा कोण बसलाय पुढं? ह्यांना कुठं नेलंत? आत्ता इथं होते!” त्या दार बडवायला लागल्या. नानिवडेकर “नलू, नलू” म्हणत हात पुढं करत होते आणि तो हात बघून त्या आणखी अंग चोरत होत्या.

मी काचेवरची मूठ खाली घेतली. राजमती मात्र तोवर पोचली होती. तिनं मागचं उजवं दार उघडलं, आत बसली आणि बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग पुढं वाकून, मी तिचा कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, “साहेब, पुढं बघा. तुम्ही पुढं बघा. मागं वळू नका.”

नानिवडेकरांनी मान वळवली. दोन्ही हात चाकावर ठेवले.

बाईंचा श्वास हळूहळू बसला. त्या पुढच्या सीटवरच्या डोक्याकडं बघत होत्या. मागं वळवलेले पांढरे केस, मानेवर एक चामखीळ, किंचित वाकलेला उजवा खांदा. बघता बघता त्यांचा चेहरा सैल झाला.

“अहो,” त्या म्हणाल्या. “तो माणूस गेला का?”

“गेला.”

“कोण होता?”

नानिवडेकरांनी समोरच बघत सांगितलं, “नाक्यावरचा होता. तपासायला आला होता.”

“मग सोडलं?”

“सोडलं.”

“सावकाश चालवा. तुम्ही घाई फार करता. पुढं अंकलीचा पूल आहे.”

“हो.” त्यांनी चाक थोडं डावीकडं वळवलं, थोडं उजवीकडं. गाडी चाफ्याखाली जागच्या जागी उभी.

“ह्या बाई कोण बसल्यात आपल्या गाडीत?”

“मी राजमती,” माझी बायको म्हणाली. “पुलापलीकडं उतरायचंय मला. साहेबांनी बसवून घेतलं.”

“बरं केलं हो. बडीशेप घ्या,” बाई म्हणाल्या आणि पर्स उघडली.

मी तिथं उभा होतो. धड आत जाता येत नव्हतं, धड समोर येता येत नव्हतं. शेवटी कुलकर्ण्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि माझी बायको दुसऱ्याच्या गाडीत बसून कुठंही न जाता पूल ओलांडताना बघत राहिलो. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जरा हेवाही.

नानिवडेकर दुसऱ्या दिवशी सकाळी एकटे आले. ओसरीवर बसले. दुसरी किल्ली त्यांनी टीपॉयवर ठेवली.

“समोरून ती मला ओळखत नाही,” ते म्हणाले. “विसरण्याचा आजार आहे. घरात कुणी परका माणूस शिरलाय असं वाटतं तिला. माझ्या हातचं जेवत नाही. पण साइटवर न्यायचो ना तिला पूर्वी, आमच्या स्वतःच्या जुन्या जीपमध्ये ती कायम मागं बसायची, धूळ नको म्हणून. पाठमोरा मी तिच्या ओळखीचा आहे. गाडीत बसलो की अहो म्हणते. तासभर बोलते. घरी गेल्यावर त्याच्या जोरावर चार घास खाते.”

“मग गाडी विकता कशाला?” मी विचारलं.

“नजर अधू झाली माझी, म्हणून कित्येक वर्षं उभ्या गाडीतच बसवतो तिला, नुसतं चाक फिरवत. तरी महिन्यापूर्वी तिला घेऊन असाच बसलो होतो. ती म्हणाली, चला, उभी का गाडी? मी चालू केली. शाळा सुटली होती. एक मूल थोडक्यात वाचलं.” त्यांनी टीपॉयवरची किल्ली सरळ केली. “तेव्हापासून पुन्हा चालू केली नाही. पण ती रोज चला म्हणते, आणि माझी गाडी असेल तर मी एखाद दिवशी पुन्हा चालू करीन. मी मला ओळखतो. दुसऱ्याची असेल तर नाही करणार. नोकरीभर सरकारी गाडी वापरली, स्वतःच्या कामासाठी कधी चालू केली नाही. म्हणून असं घर शोधत होतो, जवळचं, गाडी बाहेर उभी राहणारी, दिवेलागणीला तिची कुणाला गरज नसणारी.”

“एवढं सगळं त्याच दिवशी सांगायचं होतं की, साहेब.”

नानिवडेकर कसंनुसं हसले. “तुमचेच प्रश्न इतके होते आरवाडे, की त्यांत माझा एक बसेना. आणि गाडी विकत देतो, पण रोज तासभर परत द्या, असं कसं विचारतात? वेडा म्हणाला असतात. तुमच्या नकळत आलो, ते चुकलंच. तुम्हाला नको असेल तर गाडी परत आणून लावा.”

मी राजमतीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं टीपॉयवरची किल्ली उचलून नानिवडेकरांच्या समोर धरली.

“ठेवा तुमच्याकडं,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून जरा लवकर या. मीही येत जाईन पुलापर्यंत.”

गाडी आमच्या नावावर झाली. दिवेलागणीला ती त्यांची असायची. पाहुण्यांनी विचारलं, ते म्हातारा-म्हातारी तुमच्या गाडीत काय करतात, तर मी सांगायचो, फिरायला जातात. पुढचा पावसाळा गेला, थंडी गेली. मग मध्ये काही दिवस कुणी आलं नाही, आणि एका संध्याकाळी नानिवडेकर एकटेच आले. त्यांनी दार उघडलं नाही. गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मला प्रश्न विचारण्याची एवढी सवय, पण त्या दिवशी मी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पौर्णिमा होती. बाहुबलीला जायचं ठरलं. मी गाडी पुसली, पुढचं डावं दार उघडून राजमतीची वाट बघत उभा राहिलो. ती आली, माझ्या समोरून गेली आणि मागचं दार उघडून डावीकडं बसली.

“हे काय?” मी म्हटलं. “मी काय तुझा ड्रायव्हर आहे? पुढं ये.”

“असू दे.”

“पुढची सीट उंच आहे, तुझ्या गुडघ्यांना बरी. मागं काय आहे?”

“चालवा की हो गप,” ती म्हणाली. “तुमचं डोकं मागनं कसं दिसतं ते मी इतक्या वर्षांत कधी नीट बघितलंच नाही. बघून ठेवते.”

मी आरसा सारखा करायला हात वर केला, आणि न करताच खाली घेतला. बाहुबलीपर्यंत मी मान ताठ ठेवून गाडी चालवली, आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही.